उस्ताद नको म्हणून बनलेली गिटार

पन्नासच्या दशकातली एखादी फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार उघडली, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीचे स्क्रू काढून ती बाजूला केली, तर आतल्या खाचेत कधीकधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो. त्यावर हाताने लिहिलेलं नाव असतं. मेरी, नाहीतर ग्लोरिया. या कोणी नामांकित वाद्यकार नव्हत्या. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या कारखान्यात वायरिंग आणि जोडणीच्या बाकावर बसणाऱ्या कामगार बायका होत्या. कोणतं काम कोणाचं हे कळावं म्हणून लावलेली ती पट्टी.

आज ती पट्टी सापडली की जुन्या गिटारींचा व्यापारी हरखून जातो, कारण गिटार अस्सल असल्याची ती एक खूण ठरते. त्याच जातीची गिटार आज नव्याने हवी असेल, तर त्याच कंपनीच्या 'कस्टम शॉप' नावाच्या विभागात ऑर्डर द्यावी लागते. तिथले 'मास्टर बिल्डर' म्हणजे उस्ताद कारागीर ती घडवतात. त्यासाठी हजारो डॉलर मोजायचे आणि बऱ्याचदा वर्षदोन वर्षं वाट बघायची.

मेरी आणि ग्लोरियाने पगारावर केलेलं रोजचं काम पुन्हा करायला उस्ताद का लागावेत? हा लेख या एका प्रश्नाभोवती आहे. त्यासाठी आधी ही गिटार मुळात कशी होती ते पाहू.

इलेक्ट्रिक गिटारचं तत्त्व शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असेल आणि त्याच्या जवळ पोलादाची तार थरथरली, तर चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. ही वीज ॲम्प्लिफायरने मोठी केली की आवाज येतो. चुंबक आणि वेटोळं मिळून जो भाग होतो त्याला पिकअप म्हणतात. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सहा तारांखाली सहा चुंबकाच्या कांड्या असतात, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे. आवाजाचं पहिलं काम इथे होत असल्यामुळे साध्या गिटारीसारखा पोकळ पेटारा लागत नाही. भरीव लाकडाची फळी चालते. उलट भरीव असेल तर आवाज मोठा केल्यावर घुमून शिट्टी येण्याचा त्रास कमी होतो.

ही भरीव फळी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढून विकण्याचं श्रेय लिओ फेंडरला जातं. त्याचा जन्म १९०९ चा. शिक्षण हिशेबनिसाचं, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. वाजवणारा माणूस वाद्याकडे भक्तिभावाने बघतो. दुरुस्तीवाला बघतो की हे बिघडलं तर उघडायचं कुठून.

तोवर चांगल्या गिटारी बनत त्या व्हायोलिनच्या परंपरेने. मिशिगनमधल्या कलामाझू गावची गिब्सन कंपनी त्यात अग्रेसर. तिथे गिटारीची मान, म्हणजे नेक, धडात खोबणी करून सरसाने कायमची बसवली जाई. ते सुताराचं नाजूक काम. कोन चुकला की सगळं वाया. लिओने ही भानगडच ठेवली नाही. नेक वेगळी करायची, धड वेगळं करायचं आणि मागून चार स्क्रूंनी आवळायचं. नेक खराब झाली तर दुसरी लावा. सायकलचं चाक बदलावं तसं. साच्यावरून लाकूड कापायचं, भाग ढिगाने तयार ठेवायचे आणि हाताला येईल तो भाग उचलून जोडायचा. यात उस्तादाची गरज नाही, नीट काम करणारी माणसं पुरतात. फुलर्टन परिसरातल्या अशा माणसांत मेक्सिकन वंशाचे स्त्री-पुरुष बरेच होते.

१९५० मध्ये या पद्धतीची गिटार 'ब्रॉडकास्टर' नावाने बाजारात आली. ग्रेच नावाच्या कंपनीचे ड्रम्स जवळपास याच नावाने विकले जात होते, त्यांनी हरकत घेतली. मग फेंडरच्या कामगारांनी काय करावं? छापून ठेवलेली नावाची चिकटचित्रं फेकून न देता कात्रीने 'ब्रॉडकास्टर' हा शब्द तेवढा कापला आणि नुसतं 'फेंडर' चिकटवून गिटारी पाठवून दिल्या. १९५१ मध्ये 'टेलिकास्टर' हे नाव मिळेपर्यंत असं चाललं. या बिननावाच्या गिटारींना पुढे संग्राहकांनी 'नोकास्टर' म्हटलं. हे कात्रीकाम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिचा आकार कागदावर उतरवण्यात मूळचा हवाई बेटांवरचा वादक फ्रेडी टाव्हारेस याचा मोठा हात होता. टेलिकास्टरच्या कडा बरगडीला टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून या गिटारीचं धड पोटाकडून आणि कोपराकडून तासून घेतलं. तिची छापील किंमत २४९ डॉलर ५० सेंट, पेटी वेगळी. स्वस्त नव्हती, पण ती राजघराण्यातली वस्तूही नव्हती. शुक्रवारी रात्री बारमध्ये वाजवायची, शनिवारी दुसऱ्या बारमध्ये.

त्या काळच्या कामात एकसारखेपणा नव्हता, आणि तो नव्हता याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. नेकची मागची बाजू शेवटी हाताने घासून गुळगुळीत करत. टाडेओ गोमेझ नावाचा कामगार हे काम करत असे. नेकच्या टोकाला, जिथे ती धडात बसते तिथे, तो पेन्सिलीने आपली 'टी जी' ही आद्याक्षरं आणि तारीख टाकायचा. हात त्याचा, सँडपेपर त्याचा, त्यामुळे एक नेक जाड, दुसरी बारीक, तिसरी मागून थोडी टोकदार. १९५६-५७ च्या सुमाराच्या नेक तर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, मधोमध कणा असलेल्या. आज वादक या आकारांबद्दल तासन् तास बोलतात.

पिकअपचंही तसंच. १९५६ मध्ये ॲबिगेल यबारा नावाची तरुणी कारखान्यात लागली आणि पिकअपचे वेढे भरण्याच्या कामावर रुळली. चुंबकांचा सांगाडा मशीन फिरवतं, पण तार कुठे पडायची हे बोटांनी ठरवावं लागतं. माणसाच्या बोटातून तार एकसारखी कधीच सरकत नाही. मध्येच इकडे जाते, थोडी तिकडे जाते. वेढे शिस्तीत एकावर एक न बसता थोडे विस्कटून बसतात. तारेतला ताण बदलतो, वेढ्यांची संख्या कमीजास्त होते. आता पिकअप म्हणजे विजेच्या भाषेत एक वेटोळं. वेढे दाट बसले आहेत की विरळ, यावर त्याचे काही विद्युत गुणधर्म ठरतात आणि त्याप्रमाणे वरचे, कानाला चमकणारे सूर थोडे जास्त किंवा थोडे कमी पुढे येतात. म्हणून एकाच दिवशी एकाच बाकावर बनलेले दोन पिकअप हुबेहूब सारखे वाजत नाहीत. पिकअपच्या तळाशी ॲबिगेलच्या हातची आद्याक्षरं आणि तारीख असायची. दिवसाच्या कामाची नोंद, एवढाच तिचा अर्थ.

रंगाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. फेंडरचे बरेच रंग मोटारींना लावायचे तेच, ड्यूपाँट कंपनीचे. धड रंगवताना ते टेकवायला जागा हवी म्हणून त्यात बारीक खिळे ठोकत आणि खिळ्यांवर उभं करून वाळवत. नंतर खिळे काढायचे, भोकं तशीच राहायची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत होती. आज जुन्या गिटारीचे जाणकार ही भोकं शोधतात. भोकांच्या आत रंग गेलेला दिसला तर धड पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी, कारण पहिल्या रंगाच्या वेळी भोकात खिळा होता, रंग आत जाणार कसा! वाळवणीची एक क्लृप्ती पुढे पारखायची कसोटी झाली.

एव्हाना लक्षात आलं असेल की ज्याला आज लोक जुन्या गिटारीचं चारित्र्य म्हणतात, ते बरंचसं घाई, काटकसर आणि माणसाच्या हाताची अनियमितता यांतून आलेलं आहे.

जानेवारी १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याची तब्येत बिघडली होती, आपण फार दिवस काढणार नाही अशी त्याची समजूत झाली होती. (पुढे तो ठणठणीत बरा झाला आणि त्याने आणखी दोन गिटार कंपन्यांत काम केलं.) तुलनेसाठी सांगतो, याच सीबीएसने आदल्या वर्षी न्यूयॉर्क यँकीज हा नावाजलेला बेसबॉल संघ, त्यातला ८० टक्के हिस्सा, १ कोटी १२ लाखांना घेतला होता. गिटारी आता एवढा मोठा धंदा झाल्या होत्या.

सीबीएसने कारखाना वाढवला, उत्पादन वाढवलं आणि सत्तरच्या दशकात दर्जा घसरत गेला. नेक आवळणारे स्क्रू स्ट्रॅटवर, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरवर, चाराचे तीन झाले. कल्पना वाईट नव्हती, नेकचा कोन सहज बदलता यावा अशी सोय त्यात होती. पण भागांची कापणीच ढिली असेल तर तीन स्क्रूंवर नेक हलते. लॅकरच्या पातळ थराऐवजी पॉलिएस्टरचा जाड थर आला. सीबीएसच्या काळातली प्रत्येक गिटार वाईट होती असं म्हणणारे लोक अतिशयोक्ती करतात, काही उत्तम निघाल्या. पण दुकानात गेलं आणि हाताला कोणती लागेल याचा भरवसा उरला नाही, हे खरं. वादक जुन्या गिटारी शोधायला लागले. 'सीबीएसच्या आधीची' हे शब्द जाहिरातीत किंमत वाढवणारे ठरले.

इंग्लंडचा नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टन याची गोष्ट इथली. १९७० मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या एका दुकानात त्याला जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात पडलेल्या दिसल्या. त्या काळात त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. त्याने सहा उचलल्या. तीन मित्रांना दिल्या, जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड यांना. उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जोडली आणि तिचं नाव ठेवलं 'ब्लॅकी'. एकीचं धड, दुसरीची नेक. लिओ फेंडरला हे ऐकून आनंद झाला असता. सुटे भाग एकमेकांना बसावेत म्हणूनच तर त्याने सगळा खटाटोप केला होता.

दरम्यान जपानी कारखाने जुन्या फेंडरच्या नकला काढत होते, आणि त्या नकला बघून घाम फुटावा इतक्या चांगल्या होत्या. १९८१ मध्ये फेंडरने यामाहाच्या अमेरिकन शाखेतून बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांना आणलं. त्यांनी ठरवलं, १९५७ आणि १९६२ च्या नमुन्यांवर आपणच पुन्हा गिटारी काढायच्या. पण नमुना कुठे होता? कंपनीकडे जुन्या मापांची नीट जतन केलेली नोंद नव्हती. मग स्मिथ आणि कंपनीतलेच जॉन पेज इलिनॉयमधल्या एका जुन्या गिटारींच्या व्यापाऱ्याकडे गेले. तिथे त्यांनी मापं घेतली, फोटो काढले आणि काही गिटारी रोख पैसे मोजून विकत घेतल्या. म्हणजे फेंडर कंपनीला फेंडर कशी बनवायची हे शिकण्यासाठी फेंडर विकत घ्यावी लागली. १९८२ मध्ये जपानात फेंडरची शाखा सुरू झाली, आणि पहिल्या काही वर्षांत तिथलं काम अमेरिकेतल्या कामाला लाजवत होतं.

१९८५ मध्ये सीबीएसने हात झटकले. शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरना घेतली. वीस वर्षांपूर्वीपेक्षाही कमी किंमत. या सौद्यात फुलर्टनचा कारखाना नव्हता. नाव मिळालं, काही यंत्रं मिळाली, इमारत नाही. तिथून थोड्या अंतरावरच्या कोरोना नावाच्या गावात नवी जागा शोधून काम सुरू झालं. (नावावरून आता हसू येतं, पण गाव जुनं आहे.)

याच कोरोनामध्ये १९८७ साली कस्टम शॉप उघडलं. सुरुवात दोघांची होती. एक जॉन पेज, १९७८ पासून कंपनीत असलेला. दुसरा टेक्सासचा मायकेल स्टीव्हन्स, स्वतः गिटारी घडवणारा स्वतंत्र कारागीर. कल्पना अशी की नामवंत वादकांच्या खास मागण्या पुऱ्या करायच्या, चार-दोन अफलातून गिटारी काढायच्या आणि त्यातून खचलेल्या कंपनीची अब्रू सावरायची. नफ्याचा हिशेब दुय्यम होता. ऑर्डरींचा ओघ मात्र अंदाजापलीकडे गेला आणि माणसं वाढवावी लागली. जॉर्ज ब्लँडा, जे. डब्ल्यू. ब्लॅक, फ्रेड स्टुअर्ट, जॉन इंग्लिश ही सुरुवातीच्या फळीतली नावं. टेलिकास्टरच्या चाळिशीनिमित्त ३०० गिटारींची मर्यादित आवृत्ती निघाली. १९८८ मध्ये क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅट बाजारात आली, कलाकाराच्या नावाने निघालेली फेंडरची पहिली स्ट्रॅट.

आता 'मास्टर बिल्डर' आणि बाकीचं कस्टम शॉप यातला फरक, कारण यात ग्राहकांचा बराच गोंधळ असतो. कस्टम शॉपमधल्या बहुतेक गिटारी 'टीम बिल्ट' असतात. नेकचं काम एकाकडे, फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवणं दुसऱ्याकडे, जोडणी तिसऱ्याकडे. सगळे कसलेले, पण काम वाटून घेतलेलं. 'मास्टरबिल्ट' गिटार मात्र एका ठराविक उस्तादाच्या नावावर असते. लाकूड तो निवडतो, नेक त्याच्या हाताने घासली जाते, फ्रेट तो बसवतो, शेवटी तारांची उंची आणि सूर तोच लावतो. हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या, मागे त्याचं नाव येतं. असे उस्ताद एका वेळी साधारण डझनभर असतात. काहींनी आधीच्या उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी केलेली असते. डॅन स्मिथचा मुलगा जेसन स्मिथ त्यांच्यापैकी एक. युरी शिश्कोव्ह बेलारूसमधल्या गोमेलचा. सोव्हिएत काळात त्याने पहिली गिटार घराखालच्या तळघरात बनवली, १९९० मध्ये शिकागोला आला आणि २००० मध्ये फेंडरमध्ये. त्याच्या हातची नक्षी आणि जडावाचं काम पाहिलं की फेंडरसारखी साधीसुधी फळी त्याला कशी पुरत असेल असा प्रश्न पडतो. टॉड क्राउझ क्लॅप्टनच्या वापरातल्या गिटारी घडवण्यासाठी ओळखला जातो.

तरीही 'एका माणसाने एका ओंडक्यातून सगळं केलं' असं चित्र मनात आणू नका. लाकडाचा ओबडधोबड आकार इथेही यंत्रच कापतं. पिकअप बऱ्याचदा दुसऱ्या बाकावरून येतात. ॲबिगेल यबारा याच कस्टम शॉपमध्ये पिकअपचे वेढे भरत होती, आता तिच्या नावाला स्वतंत्र किंमत होती. पन्नासहून अधिक वर्षं हे काम करून ती २०१३ मध्ये निवृत्त झाली, आणि तिच्याकडे शिकलेली होसेफिना काँपोस त्या बाकावर बसली. १९५६ मध्ये 'ॲबी' ही कारखान्यातली एक कामगार होती. निवृत्तीच्या वेळी तिने भरलेल्या पिकअपसाठी लोक जास्त पैसे मोजत होते. बोटं तीच, मशीनचं तत्त्वही तेच, बाकीचं जग पलटलं होतं.

कस्टम शॉपच्या पहिल्या काही वर्षांत कारागिरांना हौस होती ती नवलाईची. दोन नेकच्या गिटारी, कोरीव धडं, अलंकारिक जडाव. फ्रेड स्टुअर्टच्या इजिप्शियन चित्रलिपीसारख्या कोरीवकामाच्या टेलिकास्टर त्या काळातल्या. पण गिऱ्हाईक जास्त कशासाठी आलं? साध्या, जुन्या दिसणाऱ्या गिटारीसाठी.

याचं श्रेय किंवा दोष रोलिंग स्टोन्स या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्याकडे जातो. जे. डब्ल्यू. ब्लॅक सांगत असे की दौऱ्यासाठी रिचर्ड्सला जुन्या गिटारींच्या नव्या प्रती दिल्या, तेव्हा त्या फार नव्या दिसतात, जरा आपटून-धोपटून आणा असा निरोप आला. ब्लॅकचा मित्र व्हिन्स क्युनेटो हा मिसूरी राज्यातला हौशी कारागीर, नवी गिटार जुनी दिसावी यात त्याने हात बसवला होता. १९९५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात फेंडरने त्याच्या हातच्या अशा गिटारी मांडल्या. एक सोनेरी भागांची फिकट स्ट्रॅटोकास्टर आणि एक नोकास्टर. काही लोकांना वाटलं, कंपनीने कौतुकाने आपल्या जुन्या गिटारी दाखवायला ठेवल्या आहेत. त्या विकायच्या आहेत आणि नव्या आहेत हे कळल्यावर ऑर्डरी सुरू झाल्या. या प्रकाराचं नाव 'रेलिक'. १९९९ पर्यंत हे काम क्युनेटोच्या कार्यशाळेत होत असे, मग कस्टम शॉपने ते घरात घेतलं.

आणि कात्रीकाम आठवतंय ना? नोकास्टरच्या प्रतीवर नावाची पट्टी आता मुद्दाम अर्धीच छापतात. १९५१ मधली काटकसर १९९५ मध्ये नमुन्याचा भाग झाली.

नवी गिटार जुनी कशी करतात? लॅकरचा थर लाकडापेक्षा वेगळ्या वेगाने आकसतो. खऱ्या गिटारीवर अनेक हिवाळे-उन्हाळे गेले की त्यावर केसासारख्या चिरा पडतात. कारखान्यात थर अचानक गार करून त्या आणता येतात. धातूच्या भागांची चकाकी आम्लाच्या वाफेने उतरवतात. जिथे वादकाचा कोपर टेकतो तिथला रंग लाकडापर्यंत घासतात, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे काढतात, नेकच्या कडा बोटांनी झिजल्यासारख्या गोल करतात. अवघड भाग हा की झीज खरी वाटायला हवी. हात जिथे जातो तिथेच रंग जायला हवा. अनाडी माणसाने केलेलं काम लगेच ओळखू येतं, गिटार जिन्यावरून गडगडल्यासारखी दिसते. कंपनीने जुनेपणाच्या पायऱ्याही ठरवल्या. एक, जणू त्या काळी दुकानातून आत्ताच आणली. दुसरी, घेऊन कपाटात ठेवून दिलेली, चकाकी तेवढी गेलेली. तिसरी, तीस वर्षं बारमध्ये वाजवलेली.

यावर लोकांची मतं टोकाची आहेत. माझं सांगतो. रंग झिजवल्याने आवाज सुधारतो हे मी मानत नाही. पण कडा गोल केलेली नेक हातात घेतली की फरक कळतो, तळहात नेकवर स्थिरावतो. तो आनंद खोटा नाही. फ्रेटची टोकं बोटाला खरखरत नाहीत, तारा खाली असूनही वाजताना खणखणत नाहीत, सूर वरपर्यंत नीट लागतो, हे सगळं वेळ देऊन केलेल्या कामाचं फळ आहे. महाग गिटारीत पैसे मोजायला हरकत नाही ते यासाठी. बाकीचे पैसे आपण कथेसाठी मोजतो.

कथेची किंमत किती याचा अंदाज ब्लॅकीवरून येतो. क्लॅप्टनने ती जून २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात विकली, आपल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी. ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. २००६ मध्ये कस्टम शॉपने तिच्या २७५ प्रती काढल्या, प्रत्येक ओरखडा, हेडस्टॉकवरचा सिगारेटचा डाग यांसकट, आणि एकेक प्रत वीस हजार डॉलरच्या वर किमतीला हातोहात खपली. पुढच्याच वर्षी रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या गिटारीच्या ३०० प्रती निघाल्या. ती गिटार एडीने ऐन तारुण्यात ५० डॉलरचं धड आणि ८० डॉलरची नेक आणून घरी जोडली होती, रंग डब्यातल्या स्प्रेने मारला होता. प्रतीची किंमत २५ हजार डॉलर. एका पोराने हौसेने केलेला गोंधळ उस्तादांना मापं घेऊन पुन्हा करावा लागला.

गिब्सनची वाट थोडी वेगळी. तिथे मुळातच जुन्या पद्धतीची सुतारकी होती. १९५२ मध्ये त्यांची 'लेस पॉल' ही गिटार आली. १९५८ ते ६० या काळात निघालेल्या, सूर्यास्तासारख्या रंगाच्या लेस पॉल त्या वेळी खपल्या नाहीत म्हणून बंद केल्या, आणि आता त्याच जगातल्या सगळ्यात महाग गिटारींत मोजल्या जातात. गिब्सननेही नव्वदच्या दशकात वेगळा विभाग करून त्यांच्या हुबेहूब प्रती काढायला घेतल्या. तिथे जुनेपण आणण्याच्या कामात टॉम मर्फी हे नाव मोठं.

मराठी वाचकाला ओळखीची एक गोष्ट या सगळ्यात आहे, ती म्हणजे शिसव. फेंडरचा फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवर बोटं टेकतात ती बाजू, आधी मेपल लाकडाचा, पांढुरका. वाजवून वाजवून तो काळपट, मळका दिसायचा. १९५९ पासून स्ट्रॅट आणि टेलिकास्टरवर गडद रोझवुड आलं. सुरुवातीला ब्राझीलचं, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुख्यतः भारतीय. भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसव, सह्याद्रीच्या पानझडी जंगलांतली, जुन्या वाड्यांतल्या पलंगांची. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंधन आलं. जानेवारी २०१७ पासून शिसवीसह त्या कुळातली सगळी झाडं परवान्याच्या कक्षेत आली, आणि गिटार घेऊन सीमा ओलांडणाऱ्या वादकांनाही कागदपत्रांची धास्ती बसली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच गिटारींचं लाकूडच बदललं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना यातून सूट मिळाली. कस्टम शॉपच्या ऑर्डरीत फ्रेटबोर्डाच्या रकान्यात रोझवुड लिहिणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या बोटांखाली आजही आपल्याकडचं लाकूड आहे.

आणि लिओ फेंडर? कस्टम शॉप सुरू झालं तेव्हा तो हयात होता, तिथून गाडीने तासाभरात जाता येईल इतक्या अंतरावर. फुलर्टनमध्ये, त्याच्याच नावाच्या फेंडर ॲव्हेन्यूवर, जी अँड एल या त्याच्या शेवटच्या कंपनीच्या कार्यशाळेत. कोरोनामध्ये माणसं १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर पुन्हा कशी करावी यासाठी डोकं लढवत असताना, तिचा निर्माता नवे पिकअप आणि तारा धडावर टेकतात ते नवे ब्रिज बनवत बसला होता. जुन्या गिटारीत त्याला रस नव्हता. त्यात सुधारायच्या जागा दिसायच्या, आणि त्या त्याने या नव्या गिटारींत सुधारल्या होत्या. आजारपण वाढलं तरी तो रोज कामावर येत असे. २० मार्च १९९१ ला तो बाकावर होता, २१ ला गेला.